दप्तर आणि दुपटे

शाळकरी मुलाच्या पिशवीला मराठीत ‘दप्तर’ म्हणतात. फारसीतून आलेला हा शब्द मुळात कारभाराच्या कागदांचा. पेशवे दप्तरातील कागद कापडी रुमालांत बांधलेले असत. त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात संपादित केले. राज्यकारभाराचा हा शब्द पुढे मुलाच्या खांद्यावरील, घरी शिवलेल्या पिशवीलाही लाभला.

त्याच घरात बाळासाठी शिवल्या जाणाऱ्या दुपट्याची मात्र कोणत्याच दप्तरात नोंद नाही. दुपटे वा लहानशी गोधडी सहसा नव्या कापडाची नसे. आजीचे नऊवारी लुगडे धुऊन धुऊन मऊ झालेले असे, आणि तेच बाळाच्या अंगाला सोसे. आत जुन्या धोतराचे थर, वर लुगडे, कडेला त्याचेच काठ आणि सर्वभर धावदोरा. विरलेली गोधडी पुन्हा नव्या गोधडीचे अस्तर होई. कागद जपण्यासाठी होता, गोधडी झिजण्यासाठी. म्हणून बायकांच्या या कामाचे जुने नमुने फारसे उरले नाहीत. बंगालात गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) यांनी कांथा जमवल्या, म्हणून त्यांचा इतिहास लिहिणे काहीसे सुकर झाले.

आज कोणी नातवंडासाठी गोधडी शिवत असेल, तर लुगडे कोणाचे आणि साल कोणते, एवढे तरी कोपऱ्यात टाक्यांनी लिहावे. उद्याच्या अभ्यासकाला तो लहानसा दस्तऐवजही मोलाचा ठरेल.