पाणीवाली बाई

चिकलठाणे हे मूळचे खेडे. औरंगाबादेहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगराहून, जालन्याला निघाले की वाटेत लागायचे. मग तिथे कारखाने उभे राहिले, विमाने उतरू लागली आणि बघता बघता शहराने गाव पोटात घेतले. गाव असे शहरात गेले की पाटी लवकर बदलते, नळ मात्र उशिरा येतो. बायाबापड्यांची हंड्याची खेप काही चुकत नाही. म्हणून आज ज्या बाईंची हकिगत सांगायची आहे, त्या मुंबईकडच्या असल्या तरी तुम्हांला परक्या वाटू नयेत. त्यांचे गाव गोरेगाव. तेही १९५७ साली बृहन्मुंबईत सामील झाले. त्याआधी तिथे ग्रामपंचायत होती, आणि या बाई त्या पंचायतीत बसलेल्या होत्या.

मृणाल गोरे हे त्यांचे नाव. माहेरच्या मोहिले. जन्म २४ जून १९२८ चा. डॉक्टरकीचा अभ्यास चालू होता, पण राष्ट्र सेवा दलाच्या आणि समाजवादी पक्षाच्या कामाने ओढून घेतले आणि तो अभ्यास अर्ध्यावर टाकला. आपल्या घरातल्या मुलीने असे केले तर आपण काय म्हणू, याचा विचार करून पाहा! १९४८ साली त्यांनी पक्षाचेच कार्यकर्ते केशव गोरे यांच्याशी लग्न केले. त्यांना सगळे बंडू गोरे म्हणत. दोघांनी गोरेगाव हेच आपले कामाचे ठिकाण मानले. मृणालताईंनी तिथे बायकांत कुटुंबनियोजनाचा प्रचार केला. ज्या काळात हा शब्द चारचौघांत उच्चारायची चोरी होती, तो हा काळ.

संसार झाला दहा वर्षांचा. १९५८ साली बंडू गोरे गेले. बाईंचे वय तीस, पदरी लहान मुलगी. अशा बाईला चार वडीलधारे काय सल्ला देतात ते तुम्ही जाणताच. नवऱ्याच्या नावाने गोरेगावात केशव गोरे स्मारक ट्रस्ट उभा राहिला. त्यांनी काम सोडले नाही, आणि १९६१ साली त्या मुंबई महानगरपालिकेत निवडून आल्या.

इथून पुढची गोष्ट खरी पाण्याची. उपनगरे नुकतीच शहराला जोडलेली, चाळी आणि झोपडपट्ट्या वाढत चाललेल्या, आणि नळाला पाणी नाही. ताई बायकांना बरोबर घेऊन, रिकामे हंडे घेऊन अधिकाऱ्यांच्या दारात जात. पण नुसता मोर्चा नेऊन त्या घरी परतल्या नाहीत, हे मला महत्त्वाचे वाटते. बाहेर मोर्चा, आत सभागृहात त्याच प्रश्नावर भांडण, आणि काम होईपर्यंत पाठपुरावा. लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणायला सुरुवात केली.

१९७२ साली त्या विधानसभेत गेल्या. ते साल मराठवाड्याला विसरता यायचे नाही, दुष्काळाचे साल. इकडे लोक खडी फोडत होते, तिकडे मुंबईत तेल, साखर, रॉकेल मिळेना. त्या वर्षी अहिल्याताई रांगणेकर, प्रमिलाताई दंडवते वगैरे निरनिराळ्या पक्षांच्या बायका महागाईविरुद्ध एकत्र आल्या. लाटणी घेऊन मोर्चे निघाले, थाळ्या वाजल्या. ज्या बायका कधी उंबऱ्याबाहेर पडल्या नव्हत्या त्याही निघाल्या, कारण लाटणे हाती धरायला कुणाला शिकवावे लागत नाही.

आणीबाणीत त्या आधी भूमिगत राहिल्या, १९७५च्या अखेरीस पकडल्या गेल्या आणि तुरुंगात गेल्या. १९७७च्या निवडणुकीत उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या, आणि इंदिराबाई रायबरेलीत हरल्या. पाणीवाली बाई दिल्लीत आणि दिल्लीवाली बाई पाण्यात, अशी घोषणा तेव्हा मुंबईत घुमली. मोरारजीभाईंनी आरोग्य खात्याचे मंत्रिपद देऊ केले. ताईंनी ते घेतले नाही. पुष्कळांनी याचे कौतुक केले. मला मात्र वाटते, घ्यायला हवे होते. डॉक्टर होता होता राहिलेल्या बाईंच्या हाती ते खाते शोभले असते. असो.

१९८५ साली त्या पुन्हा विधानसभेत आल्या. १९८८-८९ मध्ये विरोधी पक्षनेत्याही होत्या. गोरेगावात दिंडोशीला नागरी निवारा परिषदेची सहा हजारांवर घरे उभी राहिली, त्यातही त्यांचा हात होता. आज आपल्याकडे पंचायतीच्या निम्म्या जागा बायकांच्या आहेत. २०११ पासून तसा कायदाच आहे. पण गुरुजी, तुमच्या गावच्या सभेत सरपंचबाईंच्या जागी बोलते कोण? मृणालताईंच्या जागी दुसरे कुणी बोलले नाही.

त्यांचे विधानसभेतले एक काम तर थेट तुमच्या-माझ्या दाराशी आलेले आहे. पोटातल्या बाळाला व्यंग आहे की काय, हे कळावे म्हणून गर्भजलपरीक्षा निघाली. लोक तिचा उपयोग मुलगी आहे का पाहायला आणि असली तर पाडायला करू लागले. १९८६ साली ताईंनी याविरुद्ध खाजगी विधेयक आणले. बाहेर महिला संघटनांचा आणि डॉक्टरांपैकी काहींचा रेटा होताच. अखेर १९८८ साली महाराष्ट्राने कायदा केला. देशात असा कायदा करणारे हे पहिले राज्य. दिल्लीचा कायदा त्यानंतर, १९९४ साली झाला.

१७ जुलै २०१२ रोजी वसईला मृणालताई वारल्या. त्याच्या आदल्या वर्षी जनगणना झाली होती. बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली भरल्या ८०७. दहा वर्षांपूर्वी, २००१ साली, त्या ८९४ होत्या.