चारचौघे आणि वेडा : कल्याणी व माहूर यांच्या मधल्या मुलखांतील एक जुना विचार

‘नॉर्मल’ हा शब्द आतां नांदेड-लातुराकडील खेड्यांतहि घरचा झाला आहे. बाळंतपण नॉर्मल होतें, रक्ताचा दाब नॉर्मल निघतो, आणि एखादा मुलगा लोकांत मिसळेनासा झाला म्हणजे तो ‘नॉर्मल’ आहे ना, अशी चौकशी सुरू होते. पहिल्या दोन प्रयोगांविषयीं आमची तक्रार नाहीं. तिसऱ्याविषयीं मात्र इतिहासाच्या अभ्यासकानें थोडें थांबावें असें आहे. कारण शहाणा कोण व वेडा कोण हें ठरविण्याचीं दोन मापें या मुलखाच्या आसपास पूर्वींच घडलेलीं आहेत आणि तीं एकमेकांशीं जुळत नाहींत. त्यांचा मागोवा प्रस्तुत लेखांत घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम शब्दांचा विचार करूं. इंग्रजी शब्दाच्या मुळाशीं लॅटिन ‘नॉर्मा’ आहे व त्याचा अर्थ सुताराचा गुण्या. ज्या लांकडाचा कोन गुण्याशीं जुळला तें सरळ, न जुळलें तें तासावयाचें. पॅरिसमध्यें १७९४ सालीं शिक्षक तयार करण्याकरितां जी शाळा निघाली तिला ‘एकोल नॉर्माल’ हें नांव मिळालें, आणि आपल्याकडेहि एकोणिसाव्या शतकांत अध्यापकांच्या शाळेस ‘नॉर्मल स्कूल’ म्हणत. अध्यापक म्हणजे गुण्या, ही कल्पना आमच्या धंद्यास भूषणावह कीं दूषणावह याचा निकाल आमच्या विद्यार्थ्यांवर सोंपवितों.

संस्कृतांत या अर्थाच्या जवळचा शब्द ‘स्वस्थ’. सुश्रुतानें दोष, अग्नि, धातु व मलक्रिया यांची समता आणि त्यांबरोबर आत्मा, इंद्रियें व मन यांची प्रसन्नता असें त्याचें लक्षण केलें आहे. म्हणजे येथें माप माणसाच्या आंत आहे. मराठीनें तिसरीच वाट धरिली. ‘नॉर्मल’ला खरा मराठी पर्याय ‘सामान्य’ नव्हे, ‘चारचौघांसारखा’ हा आहे. चार लोक काय म्हणतील, चारचौघांत शोभेल असें वाग, चार लोकांनीं समजाविलें, हे प्रयोग सर्वांच्या तोंडीं आहेत. येथें माप सुताराचें नाहीं व वैद्याचेंहि नाहीं. तें पारावर बसलेल्या माणसांचें आहे, आणि माणसें बदललीं कीं मापहि बदलतें. ही गोष्ट पुढें उपयोगीं पडणार आहे.

वेडाविषयींचे या भागांतील शब्द पाहिले तर त्यांतहि एक विभाग दिसून येतो. ‘येडं’, ‘खुळं’ हे शब्द स्वभावाविषयीं योजतात. ‘बाहेरचं झालं’, ‘वारं लागलं’, ‘झपाटलं’ हे प्रयोग मागाहून आलेल्या व जाऊं शकणाऱ्या अवस्थेविषयीं. चरकानें उन्मादाचे निज व आगंतु असे जे दोन भेद केले आहेत त्यांशीं या विभागाचें साम्य विलक्षण आहे. शेतांत खुरपणाऱ्या बाईनें चरक वाचलेला नसतो. परंतु ‘बाहेरचं’ हा तिचा शब्द ‘आगंतु’चें जवळजवळ भाषांतरच होय. शास्त्रानें तो विभाग लोकांपासून घेतला कीं लोकांनीं शास्त्रापासून, हा वाद आम्ही येथें उकरून काढीत नाहीं. उन्मादाचें लक्षण सांगतांना चरक मन, बुद्धि, संज्ञाज्ञान, स्मृति, भक्ति, शील, चेष्टा व आचार या आठांचा विभ्रम सांगतो. यांतील शेवटचीं तीन, म्हणजे शील, चेष्टा व आचार, हीं इतरांस दिसणारीं आहेत. तेव्हां वैद्यासहि चारचौघांस अगदींच वगळतां आलेलें नाहीं.

आतां पहिल्या मापाकडे वळूं. लातूर जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, हल्लींच्या कर्नाटकाच्या बीदर जिल्ह्यांत, बसवकल्याण आहे. हीच चालुक्यांची कल्याणी. सहाव्या विक्रमादित्याच्या कारकीर्दींत (१०७६–११२६) विज्ञानेश्वरानें येथें याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली आणि पुढें बंगाल-आसाम वगळून बहुतेक हिंदुस्थानचा वारसाहक्क या टीकेवर चालला. दायभागाच्या प्रकरणांत याज्ञवल्क्यानें ज्यांस हिस्सा नाहीं अशांची यादी दिली आहे: क्लीब, पतित व त्याचा पुत्र, पांगळा, उन्मत्त, जड, आंधळा, असाध्य रोगी इत्यादि. मनूचीहि यादी अशीच आहे. विज्ञानेश्वरानें ‘उन्मत्त’ शब्दाचा अर्थ वात, पित्त, कफ, सन्निपात किंवा ग्रहावेश यांपासून झालेल्या उन्मादानें ग्रासलेला असा केला, आणि ‘जड’ म्हणजे ज्याचें अंतःकरण विकल असल्यामुळें स्वतःचें हित कोणतें व अहित कोणतें हें ज्यास उमगत नाहीं तो. धर्मशास्त्रकार वैद्यकाच्या परिभाषेंत बोलत आहे हें ध्यानांत घ्यावें. पारावरचें मत त्यास पुरेसें वाटलें नाहीं.

या नियमाची निंदा पुष्कळांनीं केली आहे, व ती अयोग्य नाहीं. वेडा म्हणून भावाचें शेत जावें हा अन्यायच होय. परंतु त्याच श्लोकाचा उत्तरार्ध निंदकांच्या व, त्याहून वाईट, लाभ घेणाऱ्यांच्याहि नजरेंतून निसटतो. असे लोक ‘भर्तव्य’ आहेत, म्हणजे त्यांचें पोषण करणें हें हिस्सा घेणाऱ्यांवर बंधन आहे. त्यांचे निर्दोष पुत्र हिस्सेदार आहेत. मुलींचें लग्न होईपर्यंत व अपुत्र सदाचारी बायकांचें पोषण करावयाचें आहे. विज्ञानेश्वर आणखी पुढें जातो. दोष वाटणीच्या पूर्वीं असेल तरच हिस्सा जातो. वाटणी झाल्यावर वेड लागलें तर मिळालेला हिस्सा काढून घेतां येत नाहीं. आणि वाटणीनंतर औषधोपचारानें दोष गेला तर त्यास त्याचा भाग मिळालाच पाहिजे. सुमारें नऊशें वर्षांपूर्वींच्या या ग्रंथांत वेड हें बरें होणारें आहे व बरा झालेला माणूस आपल्या शेतावर परत येतो हें गृहीत धरलेलें आहे. शिक्का एकदां बसला कीं कायमचा, ही समजूत शास्त्राची नव्हे.

दुसरें माप माहूरचें. नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोंकास असलेलें हें क्षेत्र रेणुकेचें म्हणून सर्वपरिचित आहे, पण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनें तें दत्तात्रेयाचें आहे. भागवताच्या एकादश स्कंधांत यदुराजा एका अवधूतास भेटतो व विचारतो, तूं समर्थ, विद्वान व कुशल असून जड, उन्मत्त किंवा पिशाच यांसारखा कां वागतोस? उत्तरादाखल अवधूत आपल्या चोवीस गुरूंची कथा सांगतो. परंपरा हा अवधूत म्हणजेच दत्तात्रेय असें मानते. पहावयाचें तें इतकेंच कीं ‘जड’ आणि ‘उन्मत्त’ हे मिताक्षरेच्या यादींतलेच दोन शब्द येथें आले आहेत. तेथें ते हक्क काढून घेतात. येथें राजा त्या माणसापुढें शिष्य होऊन बसतो.

महानुभाव पंथानें आपल्या पंचकृष्णांची जी परंपरा मानली तींत दत्तात्रेयानंतर चक्रपाणि येतात. हे फलटणचे. घर सोडून ते माहुरास आले असतां दत्तात्रेयांनीं वाघाच्या रूपानें येऊन त्यांच्या मस्तकावर पंजा ठेविला व त्यांस शक्ति दिली, अशी कथा आहे. तेथून ते द्वारकेस गेले आणि हातांत खराटा व सूप घेऊन रस्ते झाडूं लागले. ब्राह्मणानें रस्ता झाडावा, हें चारचौघांच्या मापानें वेडच. चक्रपाणींकडून ही शक्ति ऋद्धिपूरच्या गुंडम राउळांकडे, म्हणजे गोविंदप्रभूंकडे, आली व त्यांच्याकडून चक्रधरांकडे. माहुराहून निघालेली ही वाट अशी अवधूताकडून अवधूताकडे जाते.

गुंडम राउळांविषयीं थोडें विस्तारानें लिहिलें पाहिजे, कारण वेडा समजल्या गेलेल्या माणसाच्या दैनंदिन वर्तनाचें इतकें सूक्ष्म टिपण जुन्या मराठींत दुसरें आम्हांस ठाऊक नाहीं. ऋद्धिपूर हल्लींच्या अमरावती जिल्ह्यांत आहे. राउळ लहानपणींच पोरके झाले व मामा-मावशींनीं त्यांस वाढविलें. मोठेपणीं ते कोणाच्याहि घरांत शिरत, हवें तें उचलून खात, मुलांत मूल होऊन खेळत, देवळांतील मूर्तींशीं बोलत, क्वचित् त्यांस चापटहि मारीत. मातंगांच्या वस्तींत जाण्यास त्यांस विधिनिषेध नव्हता. मातंगांनीं पाण्याकरितां विनविलें तेव्हां त्यांनीं विहिरीची जागा दाखवून दिली अशी आठवण चरित्रांत आहे. गांवकरी त्यांस वेडा, पिसा म्हणत. तेच गांवकरी त्यांस आई-बापहि म्हणत. अडलेल्या बाळंतिणीच्या घरीं राउळ हवे असत.

या आठवणी गोळा केल्या त्या म्हाइंभटांनीं. हे मूळचे मीमांसेचे अभिमानी पंडित. चक्रधरांकडे आले ते वादाकरितां व राहिले ते भिक्षेकरी होऊन. ‘लीळाचरित्रा’प्रमाणेंच गोविंदप्रभूंचें चरित्रहि त्यांनीं ज्यांनीं पाहिलें त्यांस विचारून लिहिलें. म्हाइंभट श्रद्धाळु होते, तेव्हां त्यांची साक्ष एकांगी आहे, असा आक्षेप येईल. तो मान्य करूनहि आम्ही म्हणतों कीं श्रद्धाळु लेखकास वगळावेंसें वाटेल तेंच त्यांनीं जपून ठेविलें आहे. शिव्या, हेटाळणी, लोकांचा त्रागा, सर्व जसेंच्या तसें. हें चरित्र डॉ. ॲन फेल्डहाउस यांनीं इंग्रजींत आणिलें व तें १९८४ सालीं प्रसिद्ध झालें. त्यामुळें ऋद्धिपूरच्या या ‘वेड्या’ची ओळख परदेशीय अभ्यासकांसहि झाली आहे.

एक प्रसंग विशेष महत्त्वाचा. राउळांस लग्न करण्याची लहर आली. भक्तांनीं तो खेळ मानिला व लग्नाची सिद्धता केली. वऱ्हाडांत गाणीं हवींत म्हणून महदाइसेनें कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे ‘धवळे’ रचिले. महदाइसा विधवा होती. चारचौघांच्या मांडवांत विधवेस मंगलगीत गाण्यास स्थान नव्हतें. येथें मात्र तिनें वरासमोर उभें राहून गाइलें, आणि मराठीची आद्य कवयित्री म्हणून तिची गणना त्याच गीतांमुळें होते. लग्न खरें नव्हतें. वर शहाणा नव्हता. गाणारीस अधिकार नव्हता. जें उरलें तें काव्य मात्र आज विद्यापीठांतून शिकविलें जातें.

याच काळीं देवगिरीस महादेव व रामचंद्र यादवांच्या दरबारीं हेमाद्रि ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा प्रचंड ग्रंथ सिद्ध करीत होता. कोणत्या तिथीस कोणतें व्रत, कोणतें दान, कोणतें श्राद्ध, याचा तो कोश होय. चारचौघांनीं वर्षभर कसें वागावें तें हेमाद्रीनें लिहिलें. जो त्यांतील कांहींहि करीत नसे त्याचें वागणें म्हाइंभटांनीं लिहिलें.

यावरून कोणीं असा निष्कर्ष काढूं नये कीं आपल्या पूर्वजांनीं सर्व वेड्यांस देव मानिलें. तसा भाबडा अभिमान आम्हांस मान्य नाहीं. राउळांस भक्त मिळाले, चरित्रकार मिळाला. दुसऱ्या गांवांतील अशाच माणसाच्या पायांत दोरी पडली असेल व त्याचें चरित्र कोणीं लिहिलें नाहीं. शिवाय अवधूतपण बहुतांशीं पुरुषांच्या वाट्यास आलें; तसेंच वागणाऱ्या बाईस झपाटलेली म्हणण्याकडेच लोकांचा कल राहिला. आमचें म्हणणें इतकेंच कीं आचार सुटला म्हणजे बुद्धि गेली, हें समीकरण या मुलखांत सर्वांनीं कधींच मान्य केलेलें नव्हतें.

चारचौघांचें माप कसें हलतें याचें अलीकडील उदाहरण किल्लारीचें. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे, गणेशविसर्जन करून लोक निजले असतां, लातूर व धाराशिव जिल्ह्यांत भूकंप झाला. जाड दगडामातीच्या भिंती व माळवदें कोसळून हजारों माणसें दगावलीं. बावन्न गांवें नव्या जागीं वसवावीं लागलीं. त्यानंतर पक्क्या छपराखालीं निजण्यास लोक धजेनासे झाले. कांहीं गडगडलें कीं माणसें अंगणांत धांवत. एरवीं अंगणांत रात्र काढणाऱ्यास भ्रमिष्ट म्हटलें असतें. येथें सबंध गांवच अंगणांत होतें, तेव्हां घरांत निजणारा तोच वेगळा ठरला. मनाचे डॉक्टर हा शब्द या भागांतील पुष्कळांनीं प्रथम त्याच सुमारास ऐकला.

आतां कायद्याकडे येऊं. ब्रिटिश हिंदुस्थानांत १९२८ च्या कायद्यानें मिताक्षरेची यादी आंखडली व जन्मतः वेडा किंवा जड असलेला तेवढाच अपात्र राहिला. मराठवाडा तेव्हां निजामाच्या राज्यांत होता. पुढें १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्याच्या कलम २८ नें रोग, दोष वा व्यंग यांवरून कोणासहि वारसा नाकारूं नये असें ठरविलें व याज्ञवल्क्याची यादी तेवढ्यापुरती संपली. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या तिसऱ्या कलमांत तर असें म्हटलें आहे कीं, समाजांत चालत आलेल्या नैतिक, सामाजिक, सांस्कृतिक वा राजकीय मूल्यांशीं किंवा धार्मिक समजुतींशीं एखाद्याचें वर्तन जुळत नाहीं, एवढ्यावरून त्याचा मानसिक आजार ठरवितां येणार नाहीं. हें कलम वाचतांना आम्हांस ऋद्धिपूर आठवलें.

व्यवहारांत काय चालतें तें निराळें. वाटणीच्या दिवशीं ‘येड्याला काय करायचंय रान?’ हा प्रश्न आम्हीं आमच्या कानांनीं ऐकला आहे, आणि तो विचारणाऱ्यांनीं मिताक्षरेचें नांवहि ऐकलेलें नव्हतें. त्या भावाचा अंगठा कागदावर घेतात आणि सातबाऱ्यावरून त्याचें नांव निघतें. कल्याणीच्या पंडितानें हिस्सा काढून घेतला तेव्हां निदान पोटाची तजवीज लिहून ठेविली होती. या कागदावर तीहि नसते. तो भाऊ बहुधा देवळाच्या ओसरीवर राहतो, आणि त्याची भाकरी गांवांतल्या चार घरांतून येते.