एकशे नऊ तास

२७ ऑक्टोबर १९४७, पहाटे ३. हैदराबादेत दिल्लीला निघालेल्या शिष्टमंडळाच्या घरांना हजारोंच्या जमावानं वेढा घातला. पंतप्रधान छतारीचे नवाब, कायदेतज्ज्ञ सर वॉल्टर माँक्टन आणि सर सुलतान अहमद त्या दिवशी विमानात बसणार होते. भारताशी करायच्या कराराचा मसुदा तयार होता. जमाव इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेचा, आणि तिचा नेता लातूरचा वकील कासिम रझवी. निजाम मीर उस्मान अली खान यांनी जमावाला हटवलं नाही, शिष्टमंडळ बदललं. छतारींनी राजीनामा दिला. माझ्या मते संस्थान त्या पहाटेच गेलं. पुढचे अकरा महिने फक्त ते जाहीर व्हायला लागले.

२९ नोव्हेंबर १९४७. अखेर 'जैसे थे' करार झाला. मुदत एक वर्ष. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण इंग्रजांच्या वेळी चालत होतं तसंच चालायचं, आणि तोवर दोन्ही बाजूंनी कायमच्या तोडग्याचा विचार करायचा.

परभणी जिल्ह्यातली येलदरी तेव्हा या संस्थानातलं गाव. पूर्णेवरचं धरण पुरं व्हायला १९६८ उजाडायचं होतं. नदी मोकळी वाहत होती. उत्तरेला वऱ्हाडची हद्द, पायी एका दिवसाची वाट. मधे करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके. अलीकडं हाली सिक्का, पलीकडं कलदार. सात हालींचे सहा कलदार. कचेरीची भाषा उर्दू. देश म्हणायला लागणारं बहुतेक सगळं होतं. गंमत अशी की हद्दीपलीकडचं वऱ्हाडही कागदोपत्री निजामाचंच होतं आणि त्याच्या थोरल्या मुलाची पदवी 'प्रिन्स ऑफ बेरार' होती.

हिवाळा ते उन्हाळा १९४८. हैदराबादनं पाकिस्तानला २० कोटी रुपयांचे भारत सरकारचे रोखे कर्जाऊ दिले. भारतीय चलनावर संस्थानात बंदी घातली. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्रीच्या विमानांनी बीदर आणि वरंगळला शस्त्रं उतरवू लागला. भारतानं संस्थानाची नाकेबंदी केली. स्टेट काँग्रेसचे स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते. त्यांचे कार्यकर्ते उमरखेडसारख्या हद्दीवरच्या कॅम्पांतून ठाणी आणि नाके लुटत होते. ३० जानेवारीला त्यांनी नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक लुटली. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. इकडं गावोगाव रझाकारांचा, म्हणजे रझवीच्या सशस्त्र स्वयंसेवकांचा, धुमाकूळ सुरू होता. करार दोन्ही बाजूंनी मोडत होता आणि दोन्ही बाजू एकमेकींना त्याची कलमं दाखवत होत्या.

जून १९४८, मध्य. गव्हर्नर जनरल माउंटबॅटन यांचे शेवटचे दिवस. हैदराबादला यापुढं कधीच मिळाला नसता इतका सवलतीचा मसुदा टेबलावर आला. निजामानं सही केली नाही. २१ जूनला माउंटबॅटन भारतातून गेले.

२१ ऑगस्ट १९४८. हैदराबादनं संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडं तक्रार दाखल केली. आधार सनदेचं ३५(२) कलम: जे राष्ट्र सदस्य नाही, तेही आपला वाद परिषदेपुढं आणू शकतं. हैदराबाद हे राष्ट्र आहे का, हाच खरा वाद होता आणि अर्जात तो मिटलेला धरला होता.

त्याच दिवशी, मध्यरात्र. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचा संपादक शोएबुल्ला खान घरी परतत असताना मारला गेला. मारेकऱ्यांनी त्याचा हात तोडला. रझाकार बरखास्त करा, असं म्हणणाऱ्या मुस्लिम मान्यवरांचं पत्रक त्यानं छापलं होतं. जे सरकार जगाकडं संरक्षण मागत होतं, त्याला स्वतःच्या राजधानीत एका संपादकाला घरापर्यंत पोचवता आलं नाही.

११ सप्टेंबर, शनिवार, रात्री १०.२०. कराचीत महंमद अली जिना यांचं निधन झालं.

१२ सप्टेंबर, रविवार. भारताचे सरसेनापती जनरल रॉय बूचर यांनी हैदराबादवरची लष्करी कारवाई पुढं ढकलावी असं सुचवलं. पाकिस्तान मुंबई-अहमदाबादवर बाँब टाकील अशी भीती होती. वल्लभभाई पटेलांनी नकार दिला.

१३ सप्टेंबर, सोमवार, पहाटे ४. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांची पहिली चिलखती डिव्हिजन सोलापूरकडून हद्द ओलांडून आत शिरली. हैदराबाद तिथून सुमारे ३०० किलोमीटर. नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल उडवून देता आला असता, तर फौज तिथं खोळंबली असती. पूल शाबूत हाती आला.

सकाळी ९. जळकोट.

दुपारी ३.१५. उमरगा, हद्दीपासून ६१ किलोमीटर आत. तुळजापुरात रझाकारांनी दोन तास झुंज दिली. दिल्लीनं या सगळ्याला 'पोलीस अ‍ॅक्शन' म्हटलं. लष्करानं लष्कराशी केलेल्या लढाईला हे नाव कायद्याच्या सोयीचं होतं: पोलीस परदेशात जात नाहीत.

१४ सप्टेंबर. उमरग्याहून राजेश्वरकडं कूच. वाटेवरच्या मोर्चांवर टेंपेस्ट विमानांनी हल्ले केले. उस्मानाबादेत गल्लीबोळांतून लढाई झाली. औरंगाबादेत दुपारी मुलकी अधिकारी शहर सोपवायला स्वतः बाहेर आले.

१५ सप्टेंबर. जालना ताब्यात. तिथून काही फौज लातूर आणि मोमिनाबादकडं वळली. येलदरीपासून जालना पश्चिमेला शंभरेक किलोमीटर.

१६ सप्टेंबर, गुरुवार. पॅरिसचं घड्याळ तेव्हा भारताच्या साडेचार तास मागं चालत होतं. शायो राजवाड्यात सुरक्षा परिषद भरली. अध्यक्ष ब्रिटनचे सर अलेक्झांडर कॅडोगन. हैदराबादतर्फे नवाब मोईन नवाज जंग, भारतातर्फे सर रामस्वामी मुदलियार. मुदलियार म्हणाले, हैदराबाद हे राष्ट्रच नाही, मग परिषदेचा संबंध काय? विषय कार्यपत्रिकेवर घ्यायचा की नाही यावर मतदान झालं: बाजूनं ८, विरोधात ०, तटस्थ ३. विषय घेतला गेला. राष्ट्र आहे की नाही, हा प्रश्न मागाहून पाहू असं ठरलं. पुढची बैठक २० सप्टेंबरला.

त्याच दिवशी, रात्र. सुरुंगांमुळं रखडलेली चौधरींची आघाडी जहीराबादच्या १५ किलोमीटर पुढं मुक्कामाला थांबली. राजधानी आता शंभर किलोमीटरच्या आत होती. २० तारखेला चार दिवस होते.

१७ सप्टेंबर, शुक्रवार, पहाट. बीदर पडलं. पूर्वेकडची फौज चिट्यालपाशी, हैदराबादपासून सुमारे ६० किलोमीटरवर. दुसऱ्या एका तुकडीनं हिंगोली घेतली. निजामाच्या फौजेची ही जुनी छावणी तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती. येलदरीहून पूर्वेला साधारण पन्नास किलोमीटर.

सकाळ. पंतप्रधान मीर लायक अली यांच्या मंत्रिमंडळानं राजीनामा दिला. निजामानं बोलारमला स्थानबद्ध असलेल्या भारताच्या एजंट जनरलला, कन्हैयालाल मुन्शींना, बोलावणं धाडलं. ३७ वर्षं गादीवर असलेल्या राजाला आता काय करावं हे भारताच्या प्रतिनिधीला विचारावं लागत होतं.

संध्याकाळी ५. युद्धबंदी जाहीर झाली. सोमवारी पहाटे चारपासून मोजले तर एकशे नऊ तास. त्यानंतर निजाम रेडिओवर बोलले. 'जैसे थे' कराराचे ७३ दिवस शिल्लक होते.

१८ सप्टेंबर, दुपारी ४. सेनापती अल इद्रूस यांनी चौधरींपुढं शस्त्रं ठेवली. चौधरी लष्करी गव्हर्नर झाले.

२० सप्टेंबर. पॅरिसमध्ये ठरल्याप्रमाणं बैठक भरली. ज्याच्या तक्रारीवर ती भरली होती, ते सरकार तीन दिवसांपूर्वी गेलं होतं. २२ तारखेला निजामाची तार पोचली: तक्रार मागं घेत आहोत.

मराठवाड्यात हिशोब इथं थांबवायची पद्धत आहे. १७ सप्टेंबर हा मुक्तिदिन, आणि रझाकारी भोगलेल्यांसाठी तो खराच मुक्तीचा दिवस होता. पण घड्याळ पाचला थांबलं नाही. युद्धबंदीनंतरचे दिवस आणि आठवडे कुणी तासांत मोजले नाहीत.

२९ नोव्हेंबर १९४८. करार टिकला असता तर या दिवशी संपला असता. या दिवशी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी हैदराबादेत पोचले. त्या आठवड्यांत काय घडलं ते पाहायला भारत सरकारनंच ही समिती पाठवली होती.

२१ डिसेंबर. समिती दिल्लीला परतली. सोळांपैकी नऊ जिल्हे ती फिरली होती, आणि जिथं जाता आलं नाही अशा १०९ गावांतल्या लोकांशी बोलली होती. पोलीस अ‍ॅक्शनच्या काळात आणि नंतर मारल्या गेलेल्यांचा तिचा अंदाज २७,००० ते ४०,०००. बहुतेक सगळे मुसलमान. सर्वांत जास्त झळ बसलेले जिल्हे चार: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड. काही ठिकाणी गणवेशातल्या माणसांनी जमावाला लुटायला चिथावलं, असं समितीनं लिहिलं. अनेक ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी मुसलमान कुटुंबं वाचवली, हेही लिहिलं. रझाकारांनी आधी केलेले अत्याचारही तिनं नोंदले.

सरकारनं अहवाल प्रसिद्ध केला नाही. दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालयात तो २०१३ साली वाचकांना पाहायला मिळू लागला.