पेशीच्या भिंतीतली साखर

सातारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी तीस वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले. दर वर्षी पहिल्या प्रात्यक्षिकाला कांद्याचा पापुद्रा काचपट्टीवर पसरायचा आणि मुलांना सांगायचे : ही पेशीभित्तिका, सेल्युलोजची, निर्जीव. शेवटच्या शब्दाखाली मी फळ्यावर रेघ ओढत असे. निवृत्तीनंतर मुळांवर संशोधन करणाऱ्या एका विद्यार्थिनीने डेरेक लॅम्पोर्ट यांचे पेशीभित्तिकेवरचे निबंध वाचायला दिले, तेव्हापासून ती रेघ मला सलते आहे.

१९६० साली लॅम्पोर्ट केंब्रिजमध्ये डोनाल्ड नॉर्थकोट यांच्याबरोबर काम करत होते. सिकॅमोर या मेपलच्या भाऊबंदाच्या पेशी ते द्रवात वाढवत. त्या पेशींच्या भित्तिकांमध्ये त्यांना हायड्रॉक्सिप्रोलीन भरपूर सापडले. हे अमिनो आम्ल १९०२ मध्ये एमिल फिशर यांनी जिलेटीनमधून वेगळे केले होते, म्हणजे मुळात हाडा-कातड्यातल्या कोलॅजेनचे. ते झाडाच्या भिंतीत कसे? भित्तिकेत प्रथिन दिसले की आतला पेशीरस चिकटून राहिला असेल, असे म्हणून विषय संपवण्याचा तो काळ. पण पेशीरसात हायड्रॉक्सिप्रोलीन फारच थोडे होते. जे आत जवळजवळ नाही, ते बाहेर चिकटेल कुठून? प्रथिन भिंतीचेच होते. १९६३ मध्ये लॅम्पोर्ट यांनी त्याला एक्स्टेन्सिन हे नाव दिले. पेशीच्या लांब होण्याशी त्याचा संबंध असावा, हा त्यामागचा अंदाज. जड ऑक्सिजन वापरून त्यांनी हेही दाखवले की हायड्रॉक्सिप्रोलीनमधला, साध्या प्रोलीनपेक्षा वाढीव ऑक्सिजन पाण्यातून येत नाही, हवेतून येतो.

मला सगळ्यात भावते ती १९६७ ची हकीकत. प्रथिनाचे घटक सुटे करायचे तर ते तीव्र आम्लात उकळायचे, ही सर्वांची रीत. आम्लात अमिनो आम्ले सुटत, पण त्यांना जोडलेली साखरही गळून पडे आणि ती कुठे बसली होती याचा मागच उरत नसे. लॅम्पोर्ट यांनी आम्लाऐवजी अल्कली घेतली, बेरियम हायड्रॉक्साइड. आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटातही त्याची बाटली होती! अल्कलीत प्रथिनाची साखळी तुटली, पण हायड्रॉक्सिप्रोलीन आणि अरेबिनोज ही साखर यांचा बंध शाबूत राहिला. एकेका हायड्रॉक्सिप्रोलीनवर अरेबिनोजच्या एकापासून चारपर्यंत कड्या निघाल्या. प्रथिनाला साखर जोडण्याची ही वनस्पतींची खास तऱ्हा तोवर कोणी पाहिली नव्हती. महागडे यंत्र नव्हे, उकळायचे द्रावण बदलले, एवढेच. संशोधन म्हणजे काय असे कोणी विचारले तर मी हेच उदाहरण देईन.

पुढे १९७३ मध्ये याच प्रथिनातल्या सेरीनवर गॅलॅक्टोजही सापडले. मात्र अख्खे प्रथिन काही हाती लागेना, कारण भिंतीत गेल्यावर ते टायरोसीनच्या आडव्या बंधांनी घट्ट विणले जाते. अखेर १९८४ मध्ये लॅम्पोर्ट यांच्या गटाने टोमॅटोच्या जिवंत पेशी क्षाराच्या द्रावणाने धुतल्या आणि विणले न गेलेले एक्स्टेन्सिन अलगद बाहेर आले. त्याच्या साखळीत एका सेरीनमागे चार हायड्रॉक्सिप्रोलीन अशी ठेवण पुन्हा पुन्हा येते आणि अरेबिनोजच्या कड्या त्या साखळीला काठीसारखी ताठ ठेवतात.

आणि २००८ मधला निबंध! ॲराबिडॉप्सिस या छोट्या रोपट्याच्या ज्या वाणात एक विशिष्ट एक्स्टेन्सिन नाही, त्याच्या भ्रूणात पेशी दुभंगताना मधली भिंत अर्धवट राहते. नवी भिंत उभी राहायला एक्स्टेन्सिनची परांची लागते, असा त्याचा निष्कर्ष. त्याच्या लेखकांत लॅम्पोर्ट यांचे नाव आहे, पहिल्या निबंधानंतर ४८ वर्षांनी. एकाच प्रथिनाशी अर्धे शतक इमान राखणारा माणूस मला फार मोठा वाटतो. २०११ मध्ये आणखी एका गटाने दाखवले की प्रोलीनवर ऑक्सिजन चढवणारी किंवा त्यावर अरेबिनोज बसवणारी विकरे बिघडली, तर मूलरोम आखूड राहतात.

आज वर्गावर उभ्या असणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे. कांद्याचा पापुद्रा जरूर दाखवा, पण फळ्यावर 'निर्जीव' लिहू नका. त्याच तासाला ओल्या टीपकागदावर ज्वारीचे चार दाणे रुजत घाला. तीन-चार दिवसांनी मुळांवर मूलरोमांची पांढरी लव दिसेल. ती मुलांना भिंगातून बघू द्या आणि अरेबिनोजची गोष्ट तेव्हा सांगा.