खेळाडूला बाहेर कोणी बसवायचे?

आपल्या १९८५च्या दहावीच्या तुकडीत ‘तो सामना’ एवढे म्हटले तरी पुरते. तालुक्याच्या मैदानावरची लाल माती, आंतरशालेय कबड्डीचा अंतिम सामना, शेवटची पाचेक मिनिटे उरलेली आणि आपण दोन गुणांनी मागे. आपला उजवा कोपरारक्षक चढाईवाल्याच्या पायाला भिडला आणि त्याचा स्वतःचाच गुडघा आतल्या बाजूला वळला. मी राखीव म्हणून रेषेबाहेर बसलो होतो. ‘टक्’ असा आवाज मला तिथे ऐकू आला. त्याला उचलून बाजूला आणले, कोणीतरी गोळेवाल्याकडचा बर्फ आणून गुडघ्यावर चोळला, घट्ट रुमाल बांधला, आणि तो पुन्हा आत गेला. आपण एका गुणाने जिंकलो. ती ढाल अजून शाळेच्या कार्यालयातल्या कपाटात आहे.

संध्याकाळपर्यंत त्याचा गुडघा नारळाएवढा झाला. दुसऱ्या दिवशी घरच्यांनी हाड बसवणाऱ्याकडे नेले. आंबेहळद आणि तुरटीचा लेप, वर बांबूच्या कामट्या, तीन आठवडे. सूज उतरली आणि सगळ्यांना वाटले, बरा झाला. अकरावीत तो कॉलेजच्या संघात निवडला गेला, पण वळताना गुडघा सटकायचा. वर्षभरात त्याने मैदान सोडले.

कोणाचा दोष काढायला हे लिहीत नाही. सरांनी विचारले, “खेळशील का रे?” तो म्हणाला, “हो सर.” अंतिम सामन्यात पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा दुसरे काय म्हणणार? पुढे मी हाडांचा डॉक्टर झालो आणि फावल्या वेळात खेळांच्या दुखापतींचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा ध्यानात आले की हा प्रश्न आपल्याच मैदानावरचा नव्हता. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या कॉलेजांमध्ये तो ऐरणीवर आला होता.

तिथला फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. तो रग्बीच्या जातीचा, अंगावर जाऊन खेळायचा. १९०५च्या हंगामात त्या खेळात देशभरात अठरा-एकोणीस मुले दगावल्याचे वर्तमानपत्रांनी मोजले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्या ऑक्टोबरात हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतले. पुढच्याच वर्षी कॉलेजांची संघटना उभी राहिली. तीच १९१०पासून एनसीएए या नावाने ओळखली जाते.

मला त्याहून महत्त्वाची वाटते ती हार्वर्डच्या दोन डॉक्टरांची वही. निकोल्स आणि स्मिथ यांनी १९०५चा हंगामभर संघाची वैद्यकीय देखरेख केली, प्रत्येक दुखापत लिहून ठेवली आणि जानेवारी १९०६ मध्ये बोस्टनच्या वैद्यकीय नियतकालिकात ती छापली. एका संघाच्या एका हंगामात १४५ दुखापती! त्यांपैकी १९ वेळा मेंदूला हादरा बसलेला. असा हादरा बसला नाही असे सामने हंगामात फक्त दोन. आणि खेळाडू ही गोष्ट थट्टेवारी नेत, असेही त्यांनी नोंदवले. ज्याला मार बसला त्याला स्वतःला पुढचे-मागचे आठवत नसे. म्हणजे ‘खेळशील का?’ हा प्रश्न ज्याला विचारायचा, त्याचे उत्तर धरण्याजोगे नाही, हे तेव्हाच कागदावर आले होते.

हार्वर्डमध्येच पुढे ऑगस्टस थॉर्नडाइक नावाचे शल्यचिकित्सक संघाचे डॉक्टर झाले. खेळातील दुखापतींवरचे त्यांचे पुस्तक १९३८चे. १९५२ मध्ये त्यांनी लिहिले की ज्याच्या मेंदूला तीनदा हादरा बसला आहे, त्याने अंगावर जाण्याचे खेळ सोडावेत. ‘तीन’ हा आकडा काही प्रयोगशाळेत सिद्ध झालेला नव्हता. तो अनुभवी डॉक्टरचा अंदाज होता, आणि नंतरच्यांनी त्यावर वादही घातले. पण नियम ठरला की खेळाडूच्या हौसेवर आणि प्रशिक्षकाच्या निकडीवर निर्णय राहत नाही, हे त्यातले मोल.

मैदानावर रोज हजर असणारा माणूस मात्र डॉक्टर नसे, ट्रेनर असे. सुरुवातीचे ट्रेनर आपल्या तालमीतल्या वस्तादांच्या जवळचे. मालिश करणार, पट्ट्या बांधणार, आपापली गुपित तेले बाळगणार. १९५० मध्ये कॅन्सस सिटीत त्यांची राष्ट्रीय संघटना झाली, हळूहळू शिक्षण आणि परीक्षा आल्या, आणि १९९० मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने त्यांच्या कामाला आरोग्यसेवेतील व्यवसाय म्हणून मान्यता दिली. आपल्याकडे वस्तादांच्या हातातले ज्ञान असे लिहून, तपासून पुढे गेले नाही, याची हळहळ वाटते. त्यांच्या हातात खरोखर काही होते; काय होते आणि काय नव्हते, ते कोणी मोजले नाही.

फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठातले डॉ. जोसेफ टॉर्ग माझ्या विशेष जिव्हाळ्याचे. डोके खाली घालून मुसंडी मारल्याने फुटबॉलपटूंची मान मोडते आणि हातपाय कायमचे लुळे पडतात, हे त्यांनी प्रकरणे गोळा करून दाखवले. १९७६ मध्ये त्या मुसंडीवर बंदी आली. त्या हंगामात शाळा-कॉलेजांतली अशी ३४ मुले होती. १९८४ मध्ये ५. औषध नाही, यंत्र नाही, फक्त नियम बदलला.

त्याच १९७६ मध्ये टॉर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुडघ्याची एक तपासणी छापली. आपले वरिष्ठ जॉन लॅकमन यांचे नाव त्यांनी तिला दिले. गुडघा किंचित वाकवायचा, एका हाताने मांडी धरायची, दुसऱ्याने नडगी पुढे ओढायची. नडगी सैल पुढे आली की समजावे, आतला लिगामेंट तुटला. अर्ध्या मिनिटाचे काम, साधन काही नाही. आपला सामना त्यानंतर आठ वर्षांनी झाला. मी शिकताना ही तपासणी पहिल्यांदा केली, तेव्हा डोळ्यांसमोर तो रुमाल बांधलेला गुडघा आला.

तिकडे सगळे सुरळीत झाले असे समजू नये. डॉक्टर आणि ट्रेनर यांचा निर्णय प्रशिक्षकाला बदलता येणार नाही, असा नियम तिथल्या पाच मोठ्या कॉलेज-गटांनी २०१६ मध्ये केला. त्यानंतर दोनच वर्षांनी, मे २०१८ मध्ये, मेरीलँड विद्यापीठाचा १९ वर्षांचा एक फुटबॉलपटू सरावात धावताना उष्माघाताने कोसळला. बर्फाच्या पाण्यात बुडवून अंग थंड करणे हा त्यावरचा खात्रीचा उपाय. तो झाला नाही. त्रास सुरू झाल्यापासून रुग्णवाहिका निघेपर्यंत दीड तासाहून अधिक वेळ गेला. पंधरा दिवसांनी तो मुलगा वारला. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी कायदेशीर आणि नैतिक जबाबदारी जाहीरपणे स्वीकारली. ट्रेनरांना क्रीडा विभागातून काढून वैद्यकीय विभागाच्या हाताखाली आणावे, असा प्रस्ताव आदल्याच वर्षी तिथे आला होता आणि मान्य झाला नव्हता.

आपल्याकडे पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ची, बालेवाडीचे संकुल १९९४च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभारलेले, दिल्लीच्या सफदरजंगमधले क्रीडा-दुखापत केंद्र २०१०चे. वरच्या फळीतल्या खेळाडूची आता बऱ्यापैकी सोय होते. माझ्याकडे येतात ती मात्र तालुक्याची मुले-मुली, सामन्यानंतर सहा-आठ महिन्यांनी, मध्ये दोन स्पर्धा खेळून. मुलींचे गुडघे तर अधिकच जपावे लागतात; वळताना-उतरताना हा लिगामेंट तुटण्याचे प्रमाण त्यांच्यात मुलांपेक्षा जास्त असते.

हे लिहिण्याआधी आपल्या कोपरारक्षकाला फोन करून परवानगी विचारली. तो हसला. “लिही की. पण आपण जिंकलो, तेही लिही.” मेळाव्याला तो येणार आहे. पायऱ्या उतरताना तो अजूनही दुखरा पाय आधी खाली टाकतो, बघा.

मेळाव्याच्या निधीतून शाळेला काय द्यायचे यावर समितीत सध्या कमान आणि रंगमंच असे दोन पक्ष आहेत. माझी तिसरी सूचना विचारात घ्यावी. एक मोठा टब, बर्फाची पेटी, एक स्ट्रेचर, आणि आंतरशालेय सामन्यांच्या दिवशी एक शिकलेला फिजिओथेरपिस्ट. शिवाय शाळेच्या स्पर्धेच्या नियमात एक ओळ: त्याने बस म्हटले की खेळाडू बसेल, सरांनी आणि पालकांनी मध्ये पडायचे नाही. ही ओळ छापायला पैसे लागत नाहीत, पण भांडण होईल ते तिच्यावरच, म्हणून मुख्याध्यापकांशी आधी बोलून घ्यावे. टबाचे पैसे मी देतो.