फिक्स्ड गियर व सिंगल स्पीड सायकल : सुटे भाग आणि निगा

मागच्या चाकावर एकच दातेरी चक्र असलेल्या सायकलींचे हे दोन प्रकार. चक्र फ्रीव्हीलचे असेल तर पायडल थांबवले तरी सायकल पुढे जात राहते. ही सिंगल स्पीड. चक्र हबला पक्के जखडलेले असेल तर चाक फिरते तोवर पायडलही फिरते, उतारावर पाय सैल सोडण्याची सोय नाही; ही फिक्स्ड गियर. दूधवाल्यांनी आणि पोस्टमननी वर्षानुवर्षे दामटलेली काळी रोडस्टर ही सिंगल स्पीडच. फिक्स्ड गियरचे मुख्य घर म्हणजे व्हेलोड्रोम, सायकल शर्यतींचा बंदिस्त ट्रॅक. तिथल्या शर्यतीच्या सायकलींना ब्रेकही नसतात.

गियरच्या सायकलीत डेरेलरची, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्रणेची, स्प्रिंग चेनचा सैलपणा सतत ओढून घेते आणि चेन थोडी तिरकी चालली तरी निभावून नेते. इथे सांभाळून घेणारे कोणी नाही. म्हणून या सायकलीचा भाग निवडताना तो किती भारी आहे यापेक्षा तो बाकीच्या भागांच्या मापात बसतो का, हे आधी पाहावे. बेताच्या किमतीचे पण मापात बसलेले भाग वर्षानुवर्षे बिनबोभाट चालतात. भारीतला क्रँक चार मिलिमीटर बाहेर बसला तर चेन कुरकुरते आणि दाते खाते.

गियर असण्याला शर्यतींच्या जगात बराच काळ विरोध होता. १९०३ मध्ये सुरू झालेल्या तूर द फ्रान्समध्ये डेरेलरला परवानगी मिळाली ती १९३७ साली. तोवर अनेक स्पर्धक मागच्या हबच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दात्यांची चक्रे लावत आणि घाट आला की खाली उतरून चाक उलटे बसवत. आजचा ‘फ्लिप-फ्लॉप’ हब त्याच कल्पनेवर चालतो : एका बाजूला फ्रीव्हील, दुसऱ्या बाजूला फिक्स्ड चक्र. जपानमध्ये १९४८ साली कोकुरा येथे सुरू झालेल्या केइरिन शर्यतींत फ्रेमपासून हबपर्यंत प्रत्येक भाग मान्यताप्राप्त असावा लागतो. त्या भागांवरचा ‘एनजेएस’ हा शिक्का पुढे हौशी लोकांत फार मिरवला गेला. तो शिक्का शर्यतीच्या नियमांसाठी आहे. रस्त्यावर चालवणाऱ्याने त्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

दात्यांचे गणित. पुढच्या चेनव्हीलच्या दात्यांना मागच्या चक्राच्या दात्यांनी भागले की गुणोत्तर मिळते, आणि त्याला चाकाच्या परिघाने गुणले की पायडलच्या एका फेरीत सायकल किती पुढे जाते ते कळते. रोडस्टरला नेहमी आढळणारी जोडी ४४ आणि १८ दात्यांची. तिची २८ इंची चाके धरली तर एका फेरीत सुमारे साडेपाच मीटर, म्हणजे मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या की ताशी जवळजवळ २० किलोमीटर. कॅरिअरवर ओझे घेऊन ज्याला रोज तेवढेच अंतर तोडायचे आहे त्याला हे गुणोत्तर अगदी बेताचे. शहरातल्या फिक्स्ड गियरला ४६ आणि १६ ही जोडी पुष्कळ वापरतात. ७०० सी चाकावर ती फेरीला सुमारे सहा मीटर नेते. शर्यतपटू एडी मर्क्स यांनी १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत तासाभरात ४९.४३१ किलोमीटर कापले ते ५२ आणि १४ दात्यांवर. त्यांना मिनिटाला शंभराहून जास्त फेऱ्या तासभर टिकवाव्या लागल्या. असे जड गुणोत्तर नवख्याने घेतले तर पहिल्याच चढावर गुडघे बोलू लागतात. शिवाय फिक्स्ड गियरवर जड गुणोत्तर म्हणजे पायांनी वेग रोखणेही तेवढेच जड. चढाच्या गावात राहणाऱ्याने मागचे चक्र दोन दाते मोठेच घ्यावे.

फिक्स्ड गियरवर पाय रोखून मागचे चाक घसरवत थांबणाऱ्यांना आणखी एक हिशेब लागतो. ४८ आणि १६ ही जोडी घेतली तर गुणोत्तर नेमके ३ येते. पाय दर वेळी त्याच स्थितीत रोखले जात असल्याने टायरचा तोच एक तुकडा रस्त्यावर घासतो आणि तिथे लवकरच धागे दिसू लागतात. ४६ आणि १६ चा अपूर्णांक संक्षेपाने २३/८ होतो, म्हणून घासायच्या जागा आठ. ४७ आणि १७ ला संक्षेपच होत नाही, जागा सतरा. हे गणित टायरचे आयुष्य वाढवते, ब्रेकची जागा घेत नाही. थांबताना वजन पुढच्या चाकावर येते, मागचे चाक हलके पडून सहज घसरते. त्यामुळे रस्त्यावरच्या फिक्स्ड गियरला पुढचा ब्रेक हवाच. पाय पायडलला धरून ठेवणारे पट्टे किंवा क्लिपही हवेत, नाहीतर रोखायच्या क्षणी पाय सुटतो आणि पायडल पोटरीवर येऊन आदळते.

चेनची रेषा. पुढचे आणि मागचे चक्र फ्रेमच्या मध्यापासून सारख्याच अंतरावर हवे. ट्रॅक सायकलीत हे अंतर सहसा ४२ मिमी आणि मागच्या हबची रुंदी १२० मिमी असते. रोड सायकलीच्या फ्रेमची मागची रुंदी १३० आणि माउंटन बाइकची १३५ असते, म्हणून जुनी फ्रेम बदलून सिंगल स्पीड करताना घोळ होतो तो इथेच. आधी मोजावे, मग सामान आणावे. फरक निघाला तर बी. बी. एक्सलची, म्हणजे क्रँक ज्यावर बसतात त्या एक्सलची, लांबी बदलून किंवा वायसर घालून तो भरून काढता येतो. चाकाच्या मागे उकिडवे बसून चेनवरून पुढे नजर टाकली तरी मोठा तिरकेपणा लपत नाही.

फ्रेमच्या मागच्या खाचा आडव्या आहेत का, हेही तेव्हाच बघावे. आडव्या खाचेत चाक मागे सरकवून चेन ताणता येते, उभ्या खाचेत येत नाही. मागचे चक्र एका दात्याने बदलले की एक्सल सुमारे ३ मिमी सरकतो. चेनची एक जोडकडी, म्हणजे एक इंच लांबी, कमी केली तर साडेबारा मिमी. यावरून खाच पुरेल की नाही याचा अंदाज येतो.

हब. खऱ्या फिक्स्ड हबवर दोन टप्प्यांचे आटे असतात. मोठ्या आट्यांवर चक्र बसते, त्याच्या बाहेर थोड्या लहान आणि उलट्या आट्यांवर लॉकरिंग. पाय मागे रोखले की चक्र सुटण्याच्या दिशेने ढकलले जाते, पण तीच हालचाल उलट्या आट्यांमुळे लॉकरिंगला आणखी आवळते. फ्रीव्हीलच्या साध्या हबवरही हे चक्र फिरवून बसते, मात्र लॉकरिंगला तिथे जागाच नसते. असे चक्र ऐन थांबताना सुटू शकते. ही बचत करू नये.

चेन. पिच सर्वत्र अर्धा इंच. रुंदी १/८ इंच (एक सूत) किंवा ३/३२ इंच. रुंद चेन बारीक दात्यांवर चालते, अरुंद चेन जाड दात्यांवर बसत नाही. चेनलॉकच्या क्लिपचे बंद टोक चेन धावते त्या दिशेला ठेवायचे. चेनमध्ये आतल्या आणि बाहेरच्या कड्या आळीपाळीने येतात, त्यामुळे सम दात्यांच्या चक्रावर विशिष्ट दात्याला नेहमी त्याच प्रकारची कडी लागते आणि दाते एकाआड एक झिजतात. विषम दात्यांच्या चक्रावर ही झीज वाटली जाते.

ताण देताना दोन्ही नट ढिले करून चाक मागे ओढावे, उजवा नट जरा आवळावा, चाक फ्रेमच्या मधोमध आणून डावा आवळावा, मग दोन्ही पक्के करावेत. मधोमध बोटाने दाबल्यावर चेन साधारण अर्धा इंच हलली की सिंगल स्पीडला ठीक. फिक्स्डला याहून कमी, पण ताठ नाही. मग क्रँक सावकाश फिरवून पाहावा. एका जागी चेन ताठ आणि दुसरीकडे सैल होत असेल तर चेनव्हील किंचित आऊट आहे. पाच बोल्टांचे चेनव्हील असेल तर बोल्ट जरासे ढिले करून ताठ जागी चेनवर हलका ठोका द्यावा. चेनव्हील केसभर सरकते. दोन-तीनदा केले की बरेच सुधारते.

झीज पट्टीने मोजता येते. नव्या चेनच्या २४ पिच बरोबर १२ इंच भरतात. अर्धे सूत वाढले की चेन बदलावी. एक सूत वाढेपर्यंत चालवली तर चक्रांचे दातेही गेलेले असतात आणि नवी चेन त्यांच्यावर उड्या मारते.

सफाईत एक धोका जिवावर बेतणारा नसला तरी बोटावर नक्की बेततो. फ्रीव्हीलच्या सायकलीची चेन फडके धरून फिरवण्याची सवय असलेला माणूस फिक्स्ड गियरवर तेच करतो, आणि फडक्यासह बोट दात्यांखाली जाते. वेगात असलेले चाक तिथे थांबत नाही, बोटाचे टोक तोडूनच पुढे जाते. चाक आणि पायडल पूर्ण थांबवून, चेनचा एक-एक भाग पुसावा. तेल प्रत्येक रोलरवर थेंबभर घालून थोड्या वेळाने वरचे पुसून टाकावे, कारण बाहेर राहिलेले तेल फक्त धूळ धरते. कोकणच्या पावसात उघडी चेन दोन दिवसांत तांबूस होते. फुल चेनकव्हरला जुनाट म्हणून हसणाऱ्यांनी ते असलेल्या रोडस्टरची चेन पावसाळ्यानंतर उघडून पाहावी.

ओव्हरऑइलिंगला टाकलेल्या रोडस्टरचे छर्रे रॉकेलमध्ये धुऊन पाहतात. एकाला जरी खड्डा दिसला तरी सगळेच बदलावेत आणि ग्रीस नवे भरावे. कोन आवळताना एक्सल हाताने मोकळा फिरला पाहिजे, पण डावी-उजवीकडे डुलता कामा नये. क्रँकच्या दर फेरीला एकदा ‘टक्’ असा आवाज येत असेल तर बहुधा क्रँक एक्सलला जखडणारी कॉटर पिन ढिली आहे. नट आवळून ती बसत नाही. नट फक्त बसलेली पिन धरून ठेवतो. क्रँकखाली लोखंडी टेकण देऊन पिन ठोकावी, म्हणजे हातोडीचा मार आतल्या छर्ऱ्यांना बसत नाही. दोन्ही पिना विरुद्ध बाजूंनी घालाव्यात, नाहीतर दोन क्रँक एका रेषेत येत नाहीत.