‘हा रुग्ण आजही रुग्णालयात का आहे?’ : एका साध्या प्रश्नाचा इतिहास

१/ ज्या घरात कोणाचे तरी ऑपरेशन झाले आहे, त्या घराला काही वाक्ये पाठ असतात. “रात्री बारानंतर पाण्याचा घोटही नाही.” “उठायचे नाही, टाके ताणतील.” “गॅस पास होईपर्यंत तोंडाने काही नाही.” ही वाक्ये आली कोठून? आणि ती खरी आहेत की नाहीत, हे कधी कोणी तपासले होते का?

२/ आज अनेक रुग्णालयांत शस्त्रक्रियेच्या रुग्णासाठी लेखी आराखडा असतो. आदल्या दिवशी काय, त्याच संध्याकाळी काय, दुसऱ्या दिवशी किती पावले चालायचे, घरी केव्हा जायचे, सारे ठरलेले. वरकरणी तो कचेरीतला रुक्ष कागद वाटतो. प्रत्यक्षात त्यामागे शतकभराची शंकेखोरी आहे. आजचा थ्रेड त्या शंकेखोरांविषयी.

३/ प्रथम उपासाची गोष्ट. जंतुनाशक शस्त्रक्रियेचे जनक जोसेफ लिस्टर यांनी १८८३ मध्येच लिहून ठेवले होते की, क्लोरोफॉर्म देताना पोटात घन अन्न नसावे. मात्र सुमारे दोन तास आधी कपभर चहा किंवा मांसाचा पातळ रस देणे हितकारक असते. घन आणि द्रव यांतला भेद त्यांना स्पष्ट दिसला होता.

४/ १९४६ मध्ये न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेलसन यांनी ४४,०१६ प्रसूतींच्या नोंदी तपासल्या. भुलेखाली पोटातला ऐवज श्वासनलिकेत गेल्याच्या ६६ घटना त्यांना आढळल्या. त्यांपैकी दोघी दगावल्या. दोघींचाही श्वास घन अन्नाने कोंडला होता. पोटातले आम्ल फुप्फुसांना कसे पोळते, हेही त्यांनी सशांवरील प्रयोगांतून दाखवले.

५/ इशारा रास्तच होता. परंतु पुढील दशकांत त्याचा सरसकट नियम झाला : मध्यरात्रीनंतर काहीच नाही, पाणीदेखील नाही. दुपारी ऑपरेशन असलेला रुग्ण बारा-बारा तास तहानलेला राहू लागला. लिस्टर यांनी केलेला भेद नियमाच्या सोयीत विरून गेला.

६/ १९८६ मध्ये कॅनडातील कॅल्गरी येथे रॉजर मॉल्टबी आणि सहकाऱ्यांनी काही रुग्णांना शस्त्रक्रियेच्या दोन-तीन तास आधी १५० मिलिलिटर पाणी दिले. त्यांच्या पोटात उपाशी रुग्णांपेक्षा जास्त नव्हे, कमीच द्रव आढळला. १९९९ मध्ये अमेरिकेच्या भूलतज्ज्ञ संघटनेने निरोगी रुग्णांना नियोजित शस्त्रक्रियेच्या दोन तास आधीपर्यंत पाण्यासारखे स्वच्छ द्रव घेण्यास मोकळीक दिली. म्हणजे ११६ वर्षांनी लिस्टर यांच्याच सल्ल्याजवळ परत येणे झाले!

७/ विश्रांतीचीही हीच कथा. लंडनचे शल्यविशारद जॉन हिल्टन यांनी १८६३ च्या ग्रंथात विश्रांतीचा उपचार म्हणून पुरस्कार केला आणि अंथरूण हेच औषध मानण्याची प्रथा बळावली. १८९९ मध्ये शिकागोचे स्त्रीरोगतज्ज्ञ एमिल रीस यांनी पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना लवकर उठवण्याचा पुरस्कार केला. फारसे कोणी ऐकले नाही.

८/ दुसऱ्या महायुद्धात खाटा आणि मनुष्यबळ अपुरे पडू लागले, तेव्हा रुग्णांना लवकर चालवणे भाग पडले. डेट्रॉइटचे डॅनियल लाइटहाउझर यांनी त्यावर १९४६ मध्ये ग्रंथच लिहिला. पुढल्याच वर्षी लंडनच्या रिचर्ड ॲशर यांनी अंथरुणाचे धोके एका गाजलेल्या लेखात मांडले : पायांत रक्ताच्या गुठळ्या, फुप्फुसांत कफ, झिजणारे स्नायू, खचणारे मन.

९/ शंका घेणारे होते. मग त्या टिकल्या का नाहीत? कारण परिणाम मोजण्याची शिस्त नव्हती. बोस्टनचे अर्नेस्ट कॉडमन यांनी ती आणू पाहिली होती. प्रत्येक रुग्णाचे कार्ड ठेवावे आणि वर्षभराने त्याचे पुढे काय झाले ते नोंदवावे, ही त्यांची मागणी. ती मानली गेली नाही. त्यांनी १९१४ मध्ये मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयाचा राजीनामा दिला.

१०/ स्वतःच्या छोट्या रुग्णालयात मात्र त्यांनी १९११ ते १९१६ या काळातील ३३७ रुग्णांचा हिशेब ठेवला आणि त्यांत १२३ चुका झाल्याचे जाहीर केले. स्वतःच्या चुका छापणारा शल्यविशारद सहकाऱ्यांना कसा आवडावा? कॉडमन एकाकी पडले. त्यांची मागणी मात्र मागे उरली.

११/ आराखड्याची कल्पना आली ती कारखान्यातून. १९५७ च्या सुमारास अमेरिकेतील ड्यूपॉन्ट या रसायन कंपनीत ‘क्रिटिकल पाथ’ पद्धत आकाराला आली. शेकडो कामांपैकी एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामांची सर्वांत लांब साखळी कोणती, ते शोधायचे. कारण प्रकल्प केव्हा संपणार हे तीच ठरवते.

१२/ १९८३ मध्ये अमेरिकी सरकारने वृद्धांच्या ‘मेडिकेअर’ योजनेत दिवसागणिक खर्च देण्याऐवजी आजारागणिक ठरावीक रक्कम देणे सुरू केले. रुग्ण रेंगाळला की तोटा रुग्णालयाचा. अशा काळात, १९८५ मध्ये, बोस्टनच्या न्यू इंग्लंड मेडिकल सेंटरमधील कॅरेन झँडर या परिचारिकेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कारखान्याची ती पद्धत रुग्णाच्या खाटेशी आणली : दिवसवार तक्ता, आणि त्यापासून फारकत झाली की तिचे कारण.

१३/ शुश्रूषेतला वेळ शिस्तीत आला. पण तक्त्यात जे लिहिले जाई ते जुन्याच प्रथांमधून. चुकीची प्रथा वेळेवर पाळली म्हणून बरोबर ठरत नाही. हा पुढचा प्रश्न विचारला कोपनहेगनच्या ह्विडोव्रे रुग्णालयातील हेन्रिक केहलेट या शल्यविशारदाने : हा रुग्ण आजही रुग्णालयात का आहे?

१४/ प्रश्न बाळबोध वाटतो. उत्तरे तशी नव्हती. वेदना आहे म्हणून. मळमळते म्हणून. आतडी मंदावली म्हणून. अंगाला नळ्या आहेत म्हणून. अशक्तपणा आहे म्हणून. केहलेट यांच्या लक्षात आले की, यांतले बरेचसे केवळ आजाराचे नव्हते. त्यात उपचाराचाही वाटा होता. अफूजन्य वेदनाशामकांनी आतडी थंडावत, सलाईनच्या अतिरेकाने सूज येई, उपासाने आणि अंथरुणाने शक्ती जाई.

१५/ एकच गोष्ट बदलून भागणार नव्हते. वेदना असेल तर रुग्ण चालत नाही. मळमळ असेल तर जेवत नाही. नळी असेल तर उठत नाही. म्हणून केहलेट यांनी सारे एकत्र बदलले : एपिड्युरलने वेदनाशमन, त्याच दिवशी अन्न, लवकर चालणे. १९९७ च्या निबंधात त्यांनी या संयुक्त उपचाराची शास्त्रीय मांडणी केली.

१६/ त्याआधी, १९९५ मध्ये, दुर्बिणीद्वारे मोठ्या आतड्याची शस्त्रक्रिया झालेल्या ८ वृद्ध रुग्णांचा अनुभव ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला होता. १९९९ मध्ये पोट उघडून शस्त्रक्रिया केलेल्या १६ रुग्णांचा वृत्तांत आला. त्यांचा मध्यक मुक्काम होता २ दिवस. एरवी अशा रुग्णाने आठ-दहा दिवस राहावे, हे गृहीतच होते.

१७/ २००१ मध्ये एडिंबराचे केन फिअरन आणि स्टॉकहोमचे ओले ल्युंगक्विस्ट यांच्या पुढाकाराने युरोपातील काही शल्यविशारद एकत्र आले. ‘एन्हान्स्ड रिकव्हरी आफ्टर सर्जरी’, संक्षेपाने ‘इरास’, हे नाव तेव्हाचे. २००५ मध्ये आतड्याच्या शस्त्रक्रियेसाठी एकमताचा आराखडा निघाला. २०१० मध्ये संस्था स्थापन झाली.

१८/ मग आराखडा हाती आला आणि सारे सुरळीत झाले? नाही. २००७ मध्ये युरोपातील पाच केंद्रांतील ४२५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेपर्यंत आराखडा नीट पाळला गेला होता. वॉर्डात परतताच तो सैल पडला. रुग्ण साधारण तिसऱ्या दिवशी घरी जाण्याइतके बरे झाले, प्रत्यक्षात पाचव्या दिवशी गेले. ते दोन दिवस आजाराचे नव्हते, सवयीचे होते.

१९/ याचे उत्तर मिळाले कॉडमन यांच्याच वाटेने : मोजा. स्टॉकहोमच्या एर्स्टा रुग्णालयात ९५३ रुग्णांच्या नोंदी ठेवल्या गेल्या. काही वर्षांत आराखड्याचे पालन सुमारे ४३ टक्क्यांवरून ७१ टक्क्यांपर्यंत गेले. २०११ मध्ये निष्कर्ष आला की, पालन जितके अधिक तितकी गुंतागुंत कमी. भिंतीवर लावलेला कागद कोणाला बरे करीत नाही. तो पाळला गेला का, हे रोज विचारणारे माणूस लागते.

२०/ आणि एक धोका उरतोच : उद्या हा आराखडाच नवी रूढी झाला तर? २०१८ च्या ‘इरास’ सूचना याबाबत वाचनीय आहेत. दुर्बिणीच्या आतडे-शस्त्रक्रियेत एपिड्युरलपेक्षा इतर उपाय बरे, असे त्या सांगतात. १९९५ च्या त्या ८ रुग्णांना केहलेट यांनी एपिड्युरलच दिले होते! संस्थापकाचा उपाय त्याच्याच परंपरेने खोडला, कारण पुरावा बदलला होता.

२१/ रूढी आणि आराखडा दोन्ही कागदावर सारखेच दिसतात, दोन्ही म्हणतात, “असे करा.” फरक एवढाच की, आराखडा परिणाम मोजतो आणि चुकला तर स्वतःला खोडतो. मध्यरात्रीच्या उपासाला ते साधले नाही, म्हणून कित्येक दशके रुग्ण विनाकारण तहानलेले राहिले.

२२/ जाता जाता एक सूचना. हा इतिहास आहे, वैद्यकीय सल्ला नव्हे. उपासाची वेळ रुग्णागणिक बदलते. आपल्या भूलतज्ज्ञांनी सांगितलेलीच पाळावी. मात्र “का?” हे नम्रपणे विचारायला काहीच हरकत नाही. हा सगळा इतिहास त्याच एका शब्दाने घडला आहे.